शाब्दिक उदाहरणं सोडवायची कशी: "समजा" पासून पडताळ्यापर्यंत

पोरांना समीकरण सोडवता येत नाही असं खरं तर फार कमी वेळा असतं. ३क्ष + ७ = २२ असं आयतं लिहून दिलं तर सातवीतलं पोरगं पण ५ काढून देतं, पण तेच "एका संख्येच्या तिपटीत ७ मिळवले तर २२ येतात" असं आलं की पेन थांबतं, आणि मग घरी सगळ्यांना वाटतं बीजगणित कच्चं आहे, क्लास लावायला हवा. बीजगणित कच्चं नसतं हो. समीकरणाच्या आधी जी एक ओळ असते ना, "समजा, अमुक अमुक = क्ष", ती धड लिहिलेली नसते, बरेचदा लिहिलेलीच नसते. माझं निम्मं शिकवणं त्या एका ओळीवर जातं. पण आधी साधी समीकरणं उरकून घेऊ, कारण तिथे पण दोन-तीन सवयी अशा लागलेल्या असतात की पुढे त्रास देतात.

मी इथे क्ष आणि य लिहितेय, पुस्तकात आता एक्स-वाय असतं, तुम्ही काहीही लिहा. भास्कराचार्यांच्या वेळी अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणायचे आणि आणखी अज्ञात संख्या आल्या की कालक, नीलक, पीतक, म्हणजे चक्क काळा, निळा, पिवळा! अक्षर कुठलं घेता याने काही बिघडत नाही, ते कशासाठी घेतलंय हे विसरलात की बिघडतं.

तर समीकरण म्हणजे तराजू, हे सगळ्यांना शाळेत सांगितलेलं असतं आणि आठवडाभरात सगळे विसरतात. डावीकडे जे कराल तेच उजवीकडे करायचं, एवढाच नियम आहे.

३क्ष + ७ = २२
दोन्ही बाजूंतून ७ वजा केले: ३क्ष = १५
दोन्ही बाजूंना ३ ने भागलं: क्ष = ५

आता आधी ७ का घालवले, आधी ३ ने का नाही भागलं? चालतं की, पण मग ७ ला पण ३ ने भागावं लागतं आणि उगाच ७/३ घेऊन बसावं लागतं. क्ष वर काय काय घडलं ते बघा, आधी त्याला ३ ने गुणलं, मग ७ मिळवले. सोडवताना उलट्या क्रमाने यायचं, जे शेवटी झालं ते आधी काढायचं.

आणि इथेच ती फेमस ओळ येते, "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं". मला ही ओळ अजिबात आवडत नाही. खोटी नाहीये, पण अर्धवट आहे, आणि पोरं ती सगळीकडे लावतात. ५क्ष = २० दिलं की क्ष = २० − ५ = १५, कारण ५ पलीकडे गेला ना, मग चिन्ह बदललं! ५ हा क्ष ला मिळवलेला नाहीये, गुणलेला आहे, त्यामुळे तो भागाकार होऊन जाणार. तसंच −३क्ष = १२ मध्ये −३ ने भागायचं, उत्तर −४, पण "चिन्ह बदलतं" डोक्यात बसलेलं पोरगं ३ ने भागून ४ लिहून मोकळं होतं. म्हणून पहिले काही महिने तरी "दोन्ही बाजूंतून ७ वजा" असं पूर्ण वाक्य लिहायला लावा, कंटाळतील, लिहू द्या. एकदा हात बसला की मग खुशाल पलीकडे न्या.

दोन्हीकडे क्ष असेल तर घाबरायचं कारण नाही, क्ष पण संख्याच आहे, तोही दोन्हीकडून वजा होतो:

७क्ष − ४ = ३क्ष + १६
४क्ष − ४ = १६
४क्ष = २०
क्ष = ५

ताळा बघा, डावीकडे ३५ − ४ = ३१, उजवीकडे १५ + १६ = ३१. झालं.

कंस आला आणि कंसाच्या आधी वजा असेल तर मात्र थांबा, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मार्क इथे जातात.

१० − २(क्ष − ३) = ४

यात दोन प्रकारे माती होते. एक म्हणजे आधी १० − २ = ८ करून टाकायचं आणि ८(क्ष − ३) = ४ लिहायचं, उत्तर ३.५ येतं आणि ते चूक आहे, कारण २ हा कंसाला चिकटलेला आहे, गुणाकार आधी. दुसरं म्हणजे १० − २क्ष − ६ लिहायचं. −२ ने कंसातल्या दोन्ही पदांना गुणायचंय, −२ गुणिले −३ म्हणजे +६. बरोबर असं:

१० − २क्ष + ६ = ४
१६ − २क्ष = ४
−२क्ष = −१२
क्ष = ६

अपूर्णांकाची समीकरणं दिसायला भयंकर असतात पण एक काम केलं की ती साधी होतात. क्ष/३ + क्ष/४ = १४ घ्या. ३ आणि ४ चा लसावि १२, सगळ्याला १२ ने गुणा: ४क्ष + ३क्ष = १६८, म्हणजे ७क्ष = १६८, क्ष = २४. "सगळ्याला" म्हणजे उजवीकडच्या १४ ला पण, तो बिचारा कायम राहून जातो आणि मग क्ष = २ येतो.

आणि कधी कधी सोडवता सोडवता क्ष गायबच होतो, तेव्हा पोरं हादरतात. शेवटी ६ = ६ असं खरं वाक्य उरलं तर कुठलीही संख्या चालते, ५ = १ असं खोटं उरलं तर एकही उकल नाही. एवढंच.

आता शाब्दिक उदाहरणं.

उदाहरण एकदा वाचून लगेच आकडे उचलायला लागू नका. आधी शेवटचं वाक्य वाचा, काय काढायचंय ते तिथे असतं. मग पूर्ण वाचा आणि पुस्तक बाजूला ठेवून आपल्या शब्दात सांगा. सेमी-इंग्रजीला असलेल्या मुलांसाठी तर हे फारच गरजेचं आहे, कारण घरी मराठी, शाळेत बाकी विषय मराठी आणि गणित-विज्ञान तेवढं इंग्रजीत, मग पोरगं गणितात अडकलंय की भाषेत ते कुणालाच कळत नाही. अशा मुलाला म्हणायचं, मला मराठीत सांग काय झालंय गोष्टीत. धड सांगता आलं तर अर्धं काम झालं, नाही आलं तर तुम्हाला कळलं तरी की गाडी कुठे अडलीय.

मग ती "समजा"ची ओळ. त्यात तीन गोष्टी हव्यात: कशाची संख्या, कुठलं एकक, आणि वेळेचा संबंध असेल तर कधीची. "समजा मुलगी = क्ष" ही ओळ निरुपयोगी आहे, मुलगी कशी काय क्ष असेल, तिचं वय असेल, वजन असेल, तिच्याकडचे पैसे असतील. "समजा, मुलीचं आजचं वय = क्ष वर्षं" ही ओळ चालेल. आगाऊपणा वाटेल पण "आजचं" हा शब्द नसला तर पाचव्या मिनिटाला तुम्ही स्वतःच गोंधळणार, की क्ष हे आत्ताचं वय होतं का पाच वर्षांनंतरचं.

क्ष कुणाला म्हणायचं? वाक्यात ज्याच्या नावाला "च्या" किंवा "पेक्षा" लागलंय त्याला. "आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट", म्हणजे मुलगी क्ष, आई ४क्ष. "रमेशकडे सुरेशपेक्षा १२ रुपये जास्त", सुरेश क्ष, रमेश क्ष + १२. उलटं घेतलं तरी उत्तर येतं, फक्त मग मुलीचं वय क्ष/४ होतं आणि अपूर्णांक गळ्यात पडतात.

इथे एक चूक मोठी माणसं पण करतात. "वर्गात मुलांची संख्या मुलींच्या तिप्पट आहे", मुलं म आणि मुली ल, समीकरण लिहा बरं. खूप जण ३म = ल लिहितात, कारण वाक्यात आधी मुलं, मग मुली, आणि तीन कुठेतरी मध्ये, तसंच्या तसं उतरवलं जातं. खात्री करायची असेल तर एक साधी संख्या टाकून बघा: मुली ५ असतील तर मुलं १५. आता ३म = ल मध्ये टाका, ४५ = ५, म्हणजे गडबड. बरोबर आहे म = ३ल. हे संख्या टाकून बघणं परीक्षेत दहा सेकंदाचं काम आहे, सवय लावून घ्या.

वजाबाकीच्या वाक्यांना पण असंच सांभाळायचं. "क्ष मधून ५ वजा" म्हणजे क्ष − ५, "५ मधून क्ष वजा" म्हणजे ५ − क्ष. "एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी" म्हणजे २क्ष − ५, पण "एका संख्येतून ५ वजा करून येणाऱ्या संख्येची दुप्पट" म्हणजे २(क्ष − ५). दीडपट म्हणजे ३क्ष/२, सव्वापट ५क्ष/४, पाऊणपट ३क्ष/४, अडीचपट ५क्ष/२, हे तर पाठच असू द्या, स्पर्धा परीक्षेत फार येतात.

समीकरण कुठून मिळतं? तर उदाहरणात एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या पद्धतीने सांगितलेली असते. ती शोधायची आणि दोन्हीच्या मध्ये = टाकायचं. वयाचं उदाहरण घेऊ, पूर्ण करू:

आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. ५ वर्षांनी ते मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल. दोघींची आजची वयं काढा.

समजा, मुलीचं आजचं वय = क्ष वर्षं. आईचं आजचं वय = ४क्ष. ५ वर्षांनी मुलगी क्ष + ५, आई ४क्ष + ५. दोघी म्हाताऱ्या होणार, एकीलाच ५ मिळवून चालत नाही. आता आईचं ५ वर्षांनंतरचं वय आपल्याला दोन प्रकारे माहितीये, एक म्हणजे ४क्ष + ५, आणि दुसरं म्हणजे मुलीच्या तेव्हाच्या वयाच्या तिप्पट, ३(क्ष + ५). तर,

४क्ष + ५ = ३(क्ष + ५)
४क्ष + ५ = ३क्ष + १५
क्ष = १०

मुलगी १०, आई ४०. पाच वर्षांनी १५ आणि ४५, तिप्पट, बरोबर. आता कंस विसरलात तर काय होतं बघा: ४क्ष + ५ = ३क्ष + ५, क्ष = ०. म्हणजे मुलगी आज जन्मली आणि आई पण आजच जन्मली :) असं उत्तर पोरं शांतपणे दोन रेघा मारून खाली लिहून येतात, कारण समीकरण तर नीट सोडवलंय ना.

म्हणून पडताळा हा समीकरणात किंमत टाकून करायचा नाही. समीकरणच चुकीचं असेल तर चुकीचं उत्तर त्यात मस्त बसतं, वरचं शून्य बसतंच की. पडताळा करायचा मूळ गोष्टीत, शब्द परत वाचून: चौपट आहे का, ५ वर्षांनी तिप्पट होते का. मी तर पोरांना समीकरण झाकून ठेवायला सांगते.

पुढचं एसटीचं. तिकीट फुल ६० रुपये, हाफ ३० रुपये. गाडीत तिकीट काढलेले ३५ प्रवासी आणि कंडक्टरकडे जमले १५६० रुपये. फुल किती, हाफ किती? (मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वाल्यांना पण अर्धं, लहान मुलं आहेतच, त्यामुळे हाफवाले भरपूर असणार हे आधीच धरून चाला. ७५ च्या वरच्यांना फुकट, ते या हिशोबात नाहीत.)

समजा, फुल तिकिटं = क्ष. मग हाफ = ३५ − क्ष. हे "एकूणातून उरलेले" लिहिणं काही मुलांना सुचत नाही, ते लगेच य घेतात, घेऊ द्या, चूक नाही, पण एका चलात, म्हणजे एकाच अक्षरात, होत असेल तर काम कमी.

६०क्ष + ३०(३५ − क्ष) = १५६०
६०क्ष + १०५० − ३०क्ष = १५६०
३०क्ष = ५१०
क्ष = १७

फुल १७, हाफ १८. पैसे १०२० + ५४० = १५६०, जमलं. हेच तोंडी पण होतं, सगळे हाफ असते तर १०५० जमले असते, जमलेत ५१० जास्त, प्रत्येक फुलवाला ३० जास्त देतो, ५१० भागिले ३० म्हणजे १७. जुने कंडक्टर आणि किराणा दुकानदार असंच करतात, त्यांना क्ष लागत नाही, आणि समीकरणात नीट बघितलं तर तेच आकडे दिसतील. भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी ही तोंडी पद्धत जरूर शिकावी, पण दहावीच्या पेपरात मात्र पायऱ्या लिहा, मार्क पायऱ्यांना असतात, नुसत्या उत्तराला पूर्ण मिळत नाहीत.

दोन अंकी संख्येची उदाहरणं फार नाही ताणत. फक्त एक, दशक स्थानी क्ष आणि एकक स्थानी य असेल तर संख्या क्षय नसते, १०क्ष + य असते. "अंकांची बेरीज ९, अदलाबदल केल्यावर संख्या २७ ने वाढते": दशक क्ष, एकक ९ − क्ष, मूळ संख्या १०क्ष + ९ − क्ष = ९क्ष + ९, उलटी १०(९ − क्ष) + क्ष = ९० − ९क्ष. मोठी उलटी आहे, म्हणून ९० − ९क्ष = ९क्ष + ९ + २७, क्ष = ३, संख्या ३६. उलटी ६३, फरक २७.

वेळ-अंतराच्या उदाहरणात आकृती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, एक आडवी रेघ, दोन टोकं, दोन बाण, बस. मुंबई-पुणे १५० किमी धरू. मुंबईहून एक गाडी सकाळी ७ ला ताशी ६० ने निघाली, पुण्याहून दुसरी साडेसातला ताशी ४० ने (घाटात एवढीच पळते समजा). कधी भेटतील?

समजा, पहिली गाडी निघाल्यापासून भेटेपर्यंत क्ष तास गेले. दुसरी अर्धा तास उशिरा निघाली म्हणून ती क्ष − १/२ तासच चालली. क्ष + १/२ लिहिण्याचा मोह होतो कारण "उशिरा" म्हणजे काहीतरी जास्त असं वाटतं, पण उशिरा निघालेली कमी वेळ चालते. दोघींनी मिळून १५० कापले:

६०क्ष + ४०(क्ष − १/२) = १५०
१००क्ष − २० = १५०
क्ष = १.७

१.७ तास म्हणजे १ तास ७० मिनिटं नव्हे! ०.७ ला ६० ने गुणा, ४२ मिनिटं. म्हणजे ८ वाजून ४२ मिनिटांनी भेटतील. पहिली १०२ किमी आली, दुसरी १.२ तासात ४८ किमी, मिळून १५०. आणि एक, वेग ताशी दिला असेल आणि वेळ मिनिटात, तर "समजा" लिहायच्या आधीच सगळं तासात करून घ्या.

टाकी भरण्याचं उदाहरण तर सोसायटीवाल्यांच्या रोजच्या आयुष्यातलं. एक पंप टाकी ६ तासात भरतो, दुसरा १२ तासात, दोन्ही लावले तर? वेळांची बेरीज करायची नाही (१८ तास!), सरासरी पण नाही (९ तास). दुसरा पंप मदतीला आलाय, तर ६ च्या आतच काम व्हायला हवं ना, एवढा विचार केला तरी ही दोन्ही उत्तरं बाद होतात. एका तासात पहिला १/६ टाकी भरतो, दुसरा १/१२. क्ष तासात क्ष/६ + क्ष/१२ = १ टाकी. १२ ने गुणा, २क्ष + क्ष = १२, क्ष = ४ तास. वेळ मिळवता येत नाही, एका तासातलं काम मिळवता येतं.

टक्केवारीचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण यात शिकलेली माणसं रोज फसतात. १८ टक्के जीएसटी धरून बिल ५९० झालं, मूळ किंमत किती? कॅल्क्युलेटरवर ५९० चे १८ टक्के काढून वजा करतात आणि ४८३.८० म्हणतात. पण १८ टक्के ५९० वर लागलेच नव्हते, ते मूळ किमतीवर लागले होते, आणि मूळ किंमत तर माहीत नाही, म्हणजे तीच क्ष.

क्ष + १८क्ष/१०० = ५९०
११८क्ष = ५९०००
क्ष = ५००

टक्के दिसले की आधी विचारायचं, कशाचे टक्के? उत्तर "मूळ किमतीचे", "खरेदीचे", "गेल्या वर्षीच्या पगाराचे" जे काय असेल, तोच क्ष. सेलमध्ये "२० टक्के सूट, वर आणखी १० टक्के" ही ३० टक्के नसते ते पण याचमुळे, दुसरे १० टक्के उरलेल्या ८० वर आहेत, एकूण सूट २८.

दोन अज्ञात असतील आणि एकातून दुसरं सहज लिहिता येत नसेल तर दोन समीकरणं. ३ वडापाव आणि २ चहाचे ७४ रुपये, २ वडापाव आणि ५ चहाचे ८६. समजा, एका वडापावची किंमत व रुपये, एका चहाची किंमत च रुपये. (व म्हणजे वडापाव नाही हां, वडापावची किंमत! असली आद्याक्षरं घेतली की हे हमखास विसरायला होतं, म्हणून जमलं तर क्ष-य च बरं.)

३व + २च = ७४
२व + ५च = ८६

पहिल्याला २ ने, दुसऱ्याला ३ ने गुणलं की दोन्हीत ६व येतात:

६व + ४च = १४८
६व + १५च = २५८

दुसऱ्यातून पहिलं वजा, ११च = ११०, चहा १० रुपये, मग ३व = ५४, वडापाव १८. वजा करताना पूर्ण ओळ वजा करायची, सगळ्या पदांची चिन्हं बदलायची, खाली वेगळ्या रंगाने चिन्हं लिहिली तर उत्तम. दहावीला निश्चयक आणि क्रेमरची पद्धत पण असते, ती प्रश्नात सांगितली असेल तरच वापरा, एरवी हे लोपाचं, म्हणजे एक अक्षर उडवून टाकायचं, बरं पडतं. आणि १५क्ष + १७य = २१, १७क्ष + १५य = ११ असं सहगुणकांची (क्ष-य च्या आधीच्या आकड्यांची) अदलाबदल झालेलं दिसलं तर गुणाकार करत बसू नका, दोन्हीची बेरीज करा, ३२क्ष + ३२य = ३२, म्हणजे क्ष + य = १. दुसऱ्यातून पहिलं वजा करा, २क्ष − २य = −१०, म्हणजे क्ष − य = −५. आता क्ष = −२, य = ३ तोंडी निघतं.

शेवटचं उदाहरण भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथातलं, कारण मला ते फार आवडतं आणि साडेआठशे वर्षं जुनं असून अजून ताजं वाटतं. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर, आणि या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले. एक भुंगा उरला, तो केतकी आणि मालतीच्या वासात इकडे जाऊ का तिकडे करत घुटमळतोय. एकूण भुंगे किती?

समजा एकूण भुंगे क्ष. कदंब क्ष/५, शिलींध्र क्ष/३, फरक २क्ष/१५, त्याची तिप्पट २क्ष/५. सगळे मिळून:

क्ष/५ + क्ष/३ + २क्ष/५ + १ = क्ष

१५ ने गुणलं, ३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष, म्हणजे १४क्ष + १५ = १५क्ष, क्ष = १५. तीन, पाच, सहा आणि तो एक.

भास्कराचार्यांनी लीलावतीत यासाठी क्ष न घेता करायची रीत दिलीय, तिला इष्टकर्म म्हणतात, आणि ती पाचवीतल्या पोराला पण जमते. सोयीची कुठलीही संख्या धरा, समजा ३० भुंगे. पाचवा भाग ६, तिसरा १०, फरकाची तिप्पट १२, एकूण २८ गेले, २ उरले. उरायला हवा होता १, म्हणजे आपण दुप्पट धरले, तर खरे १५. एवढं लक्षात ठेवा की ही रीत फक्त तिथेच चालते जिथे सगळं एकूणाच्या भागात सांगितलंय. वर आईच्या उदाहरणात "५ वर्षांनी" असा सुटा आकडा मध्येच मिसळलाय, तिथे ती लावाल तर फसाल. (चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चंगदेवाचा, शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा. पोरांना घेऊन जा, धबधबा पण आहे.)

सरावाला तीन देते, उत्तरं लगेच खाली आहेत, पण आधी "समजा"ची ओळ लिहा मगच बघा.

वडील मुलापेक्षा २८ वर्षांनी मोठे आहेत, ४ वर्षांपूर्वी त्यांचं वय मुलाच्या पाचपट होतं. आजची वयं?

आयताकृती प्लॉटची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ५ मीटर जास्त, चारी बाजूंनी कंपाउंड १०० मीटर लागलं. लांबी-रुंदी?

४० रुपये किलोचा तांदूळ आणि ६० रुपये किलोचा तांदूळ मिसळून १० किलो मिश्रण केलं, ते ४८ रुपये किलो पडलं. कुठला किती घेतला?

उत्तरं: मुलगा ११ आणि वडील ३९. रुंदी १५ मीटर, लांबी ३५. स्वस्तातला ६ किलो, महागातला ४ किलो. तिसऱ्यात उजवीकडे नुसते ४८ लिहिले असतील तर स्वस्तातला तांदूळ २७.६ किलो आला असेल, १० किलोच्या मिश्रणात. तिथे ४८ गुणिले १० हवं, कारण डावीकडे आपण एकूण पैसे लिहिलेत.